पालथा बूट

मिरजेला कुणी विचारलं, "तुमची सून अमेरिकेत काय करते हो?" की आमच्या सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "पाय करते." समोरचं माणूस चपापायचं. कुणाला वाटायचं मी पाय चेपून देते, कुणाला वाटायचं माझं ब्यूटी पार्लर आहे. एक लांबची नणंद तर "अगंबाई, एवढं शिकून?" असं म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली होती. मी कधी खुलासा केला नाही, कारण सासूबाई अगदी खरं तेच सांगत होत्या. ज्यांचा पाय गेलाय त्यांना मी दुसरा करून द्यायचे. आयुष्यभर तेच केलं आणि गेल्या वर्षी रिटायर झाले.

संपादकबाईंचा फोन आला की तुमच्या कामाबद्दल लिहा, तेव्हा पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "म्हणजे जयपूर फूट ना?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत विचारला गेलाय. नाही हो. पाऊल हा भाग कारखान्यातून तयार येतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझं काम त्याच्या वर. उरलेला पाय ज्यात बसतो तो कप, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो, तो प्रत्येकाचा वेगळा. उरलेल्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळायचं, साचा काढायचा, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून त्या पायाची मूर्ती करायची आणि मग ती कानशीने घासत बसायचं, कारण कप तिच्यावरच घडतो. इथे हाड टोचेल, तिथे जागा सोड. इथे मांस आहे, तिथे भार घे. थोडं शिंप्याचं काम, थोडं गवंड्याचं. संध्याकाळी घरी आले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची मी. माझा नवरा श्रीकांत गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. टाय लावून मीटिंगा करून यायचा आणि मला म्हणायचा, "या घरात मजूर एकच आहे." खरंच होतं ते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, पुढे लागतील.

एक म्हणजे गुडघा. पाय गुडघ्याच्या खाली गेला तर माणूस हरत नाही. जिना चढतो, गाडी चालवतो, पँट घातली तर शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. गुडघ्यासकट गेला की सगळा मामला बदलतो. खुर्चीतून उठणं, बर्फातून चालणं, संडासला बसणं, प्रत्येक गोष्टीची कसरत. म्हणून आमच्या धंद्यात गुडघ्याला देवाच्या जागी मानतात.

दुसरी गोष्ट बुटाची टाच. कृत्रिम पाऊल घोट्यात वाकत नाही, म्हणून ज्या बुटावर पाय उभा करून दिला तोच बूट, निदान तेवढीच टाच, कायम पायात हवी. बूट काढून तो माणूस उभा राहिला तर मागे कलतो. चढावर चाललोय असं वाटतं त्याला आणि गुडघा उलटा ढकलला जातो. पाय ताब्यात देताना मी प्रत्येकाला बजावायचे, "बूट काढून चालायचं नाही. घरातसुद्धा नाही." इतक्या वेळा बजावलं की झोपेत बडबडत असेन.

डेट्रॉइटच्या जवळ एका दवाखान्यात मी होते. तिथे निवृत्त सैनिक यायचे. अमेरिकेची युद्धं काही थांबत नाहीत, त्यामुळे आमच्या वेटिंग रूममध्ये आजोबा, मुलगा, नातू असे शेजारी शेजारी बसलेले असायचे. एकमेकांचे कुणी नाहीत, पाय मात्र तिघांचेही गेलेले. एक मिस्टर ओल्सन होते, कोरियाच्या लढाईतले. त्यांचा पाय लाकडाचा, वरून कातडी पट्टे. ते पट्टे तुटले की मोटारीच्या सीटचं कातडं कापून स्वतःच शिवायचे. मी म्हटलं, "आजोबा, नवा देते, हलका आहे, फुकट आहे." तर म्हणाले, "याच्याशी माझं जेवढं टिकलं तेवढं बायकोशीही टिकलं नाही. आता कशाला घटस्फोट?" गेले तेव्हा तोच पाय बरोबर गेला.

इराक, अफगाणिस्तानातून आलेली पोरं उलट. येतानाच फोनवर व्हिडिओ दाखवायची. "मॅम, मला हे कार्बनचं पाऊल हवंय, यावर धावता येतं." अरे बाबा, आधी चाल तर नीट! एकाला पायावर वाघ रंगवून हवा होता. एकाने नखांना नेलपॉलिश लावून मागितलं, मुलीला हसवायला. दिलं लावून, लाल.

तऱ्हा वेगवेगळ्या, पण एक गोष्ट तिन्ही पिढ्यांत सारखी. "कसं आहे? दुखतं का? कुठे घासतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आय ॲम गुड, मॅम." रक्त आलेलं असेल तरी आय ॲम गुड. सैन्यात तक्रार करणाऱ्याला कसं वागवतात मला माहीत नाही, पण तिथून बाहेर पडणारा माणूस दुखलं हा शब्द विसरून येतो. सुरुवातीला मी विश्वास ठेवायचे. मग शहाणी झाले. पेशंट आला की त्याला विचारायचंच नाही. म्हणायचं, बूट काढून दे. बूट उलटे करायचे आणि तळवे बघायचे. टाच कुठल्या बाजूने झिजली, कुठला बूट जास्त झिजला, सगळं तिथे दिसतं. ज्युनियर मुलं हसायची, म्हणायची, "शुभा आता हात बघून भविष्यही सांगेल." सांगायचेच मी. "डाव्या कडेला टोचतंय ना?" असं म्हटलं की पेशंट दचकायचा.

आता वॉल्टबद्दल. वॉल्ट व्हिएतनामचा. पुढे मोटारींच्या कारखान्यात आयुष्य काढलं, बायको गेली, मुलगी टेक्सासला. आमच्याकडे एक पद्धत आहे, नवीन पाय गेलेल्या माणसाला भेटायला जुना पाय गेलेला माणूस जातो. डॉक्टरांनी शंभर वेळा समजावलेलं जे डोक्यात शिरत नाही ते समोर पँटची घडी वर करून बसलेल्या माणसाकडे बघून शिरतं. वॉल्ट हे काम हौसेने करायचा. मांडीपासून पाय गेलेला, चालताना थोडा हेलकावा, आणि तोंड अखंड चालू. मला 'शूबा' म्हणायचा. "शूबा, आज तुझ्या डब्यात काय?" बटाट्याची भाजी असली की माझ्या वाटणीला फोडणीच राहायची.

जेरेमीला माणसांत त्यानेच आणलं. जेरेमी अफगाणिस्तानात होता. उत्तर मिशिगनमधलं पोर, सहा फुटांचं, लाजरं. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. मी केलेला पाय त्याने नेला आणि आईच्या घरात तळघरात ठेवून दिला. स्वतःही तिथेच राहिला. व्हिडिओ गेम, पिझ्झा, पडदे बंद. वर्षं गेली अशी. त्याची आई फोनवर रडायची. मग वॉल्ट त्याला भेटायला गेला. युद्धाचं नाव काढलं नाही, उपदेश केला नाही. म्हणाला, "माझ्या पिकअपचे ब्रेक आवाज करतात, मला वाकता येत नाही. बघतोस का?" ब्रेक बघायला पोरगा ड्राइव्हवेपर्यंत आला. पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला. त्यानंतर कार्ब्युरेटर. ट्रकला काहीही झालेलं नव्हतं. वॉल्ट प्रत्येक वेळी घरी एखादा बोल्ट सैल करून न्यायचा. हे मला त्याने नंतर सांगितलं आणि हसून हसून खोकला.

होता होता जेरेमी चालायला लागला. स्पेअर पार्टच्या गोदामात नोकरीला लागला, दिवसभर उभ्याने. पहिल्या पगाराचे डोनट घेऊन आला तेव्हा मी खोटं खोटं प्लास्टर शोधायला आत गेले आणि डोळे पुसून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी रिटायर झाले.

नोकरीत असताना पेशंटला घरी बोलवायचं नाही असा नियम होता. रिटायर झाल्यावर पहिली दिवाळी आली आणि मी श्रीकांतला म्हटलं, "आता माझ्यावर कुणाचा धाक नाही. मी वॉल्टला आणि जेरेमीला फराळाला बोलावणार." तो म्हणाला, "बोलव की. निदान चिवड्याला अनसॉल्टेड आहे का असं तरी विचारणार नाहीत." आमच्या गावची, ट्रॉयमधली नेहमीची मराठी मंडळीही होतीच. रविवारी दुपारी घर भरलं. बाहेर आदल्या दिवशीचं बर्फ वितळून सगळा चिखल, दाराशी बुटांचा ढीग.

आमच्या घरात दाराचं खातं सासूबाईंकडे आहे. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. नव्वदीला टेकल्यात, पण दारात खुर्ची टाकून बसल्या की इमिग्रेशन ऑफिसर परवडला. त्यांचे दोन कायदे. बूट-चपला घालून आत यायचं नाही, हा पहिला. आणि काढलेली चप्पल पालथी पडू द्यायची नाही, हा दुसरा. पालथी चप्पल म्हणजे घरात भांडण. त्यासाठी त्या काठीने चपला सुलट करत बसतात. इंग्रजी जेमतेम, पण "शूज प्लीज" एवढं फर्डं.

मी आत चकलीच्या शेवटच्या घाण्यापाशी. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"शुभा! अगं, हा बाबा ऐकत नाही गं! बूट काढ म्हणते तर मलाच हसतोय!"

त्यावर वॉल्टचा गडगडाट. "शूबा, आजींना सांग, मी बूट काढला तर त्यांच्या गालिच्यावर झाडासारखा उताणा पडेन. मग मला उचलायला फायर ब्रिगेड!"

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. "आई, राहू दे त्यांना. त्यांचा पाय कृत्रिम आहे, बूट काढून उभं राहता येत नाही."

"असं होय? मग त्या दुसऱ्या पोराने कसे काढले? किती शहाणं पोर! म्हटल्याबरोबर येस मॅम म्हणालं, खाली बसलं आणि ओढून काढले बूट."

"कुठलं पोर?"

"तो उंच. जेरू का कोण."

हजार जणांना बजावलं असेल मी, आणि माझ्याच दारात कुणाला सांगायचं राहून गेलं! आत वळून बघितलं तर जेरेमी सोफ्याच्या पाठीला एका हाताने घट्ट धरून, दुसऱ्या हातात चिवड्याची बशी घेऊन, मागे कललेला उभा. कुणीतरी जोशीकाका त्याला बाकरवडीचा इतिहास सांगत होते आणि तो मान डोलावत होता. सैनिकाला म्हाताऱ्या बाईने हुकूम दिला, त्याने पाळला. पुढचा विचार करायची सवयच नाही.

"थांब, बूट आणते," म्हणून मी दाराशी आले. त्याचे बूट ओळखू आले, एवढे मोठे तपकिरी दुसरे कुणाचे असणार! एक सरळ होता. दुसरा ढिगावरून घसरून पालथा पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "तेवढा सुलट कर गं, माझी काठी पोचत नाहीय." मी वाकले, बूट हातात घेतला आणि तशीच थांबले.

डाव्या पायाचा होता तो. तळवा कोरा. टाचेवर कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं. मी उजवा उचलला. त्याची टाच तिरकी झिजून पार आतल्या थरापर्यंत आलेली. दोन्ही बूट एकाच खोक्यातले, एकाच दिवशी घातलेले. एक चालला होता आणि दुसरा नुसता बरोबर फिरला होता.

माणूस कृत्रिम पायावर भार टाकत नाही, त्याला एकच कारण असतं. दुखत असतं म्हणून.

वॉल्ट माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्या हातातले बूट पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

मी जेरेमीपाशी गेले. "आत चल जरा."

"आय ॲम गुड, मॅम."

"कसा आहेस ते विचारलं नाही. आत चल म्हणाले."

मृणालची, म्हणजे आमच्या लेकीची खोली, ती सनीव्हेलला गेल्यापासून रिकामीच असते. खांद्याचा आधार देऊन त्याला तिथे नेलं, पलंगावर बसवलं, दार लावलं. वॉल्टही आला. मी म्हटलं, "पाय काढ, बघू दे." तर त्याने दोन्ही हातांनी कप धरून ठेवला, लहान मूल खेळणं धरतं तसा.

"तुम्ही रिटायर झालात, मॅम."

बरोबर बोलला. आता माझा त्याच्यावर काय अधिकार? "दवाखान्यात शेवटचा कधी गेलास?" मी विचारलं. माझ्या जागी आलेल्या मुलीकडे तो एकदाही गेला नव्हता.

मग हळूहळू बोलला. नाताळपर्यंत थांबा म्हणाला. नाताळला तो नोकरीत पक्का होणार होता. आत्ता पाय उतरवला तर आठवडेच्या आठवडे घरी, आणि कच्च्या माणसासाठी कोण थांबतं? "नोकरी गेली म्हणजे परत तळघर. मी तिथे परत जाणार नाही, मॅम. त्यापेक्षा पाय अजून गेला तरी चालेल मला."

जखम काय करते हे मला पाठ होतं. तळघर काय करतं हे त्याला पाठ होतं. मला त्या वेळी फार भीती वाटली, अगदी खरी भीती.

वॉल्टने मृणालची अभ्यासाची खुर्ची ओढली, त्यात बसला आणि स्वतःची पँट वर करून पाय सोडवायला लागला. पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला.

"शूबा, माझा पाय कुठवर गेलाय?"

"मांडीपर्यंत. मी नाही तर कोण सांगणार?"

"आणि कुठे गेला?"

"व्हिएतनामला."

"चूक. तिथे सुरुंगावर पाय पडला तेव्हा घोट्याच्या वर गेला. एवढाच." त्याने हवेत, जिथे पोटरी असायला हवी होती तिथे, हात ठेवला. "गुडघा ठणठणीत घेऊन मी घरी आलो. कारखान्यात लागलो, गाड्या जोडायच्या लाइनवर. कप चावायला लागला. फोरमनने विचारलं, मी म्हणालो आय ॲम गुड. आईने विचारलं, आय ॲम गुड. मी मोजे वाढवले, वर कापूस कोंबला, दात ओठ खाऊन उभा राहिलो. घरात वास सुटला तेव्हा आईने ओढत नेलं मला." मग तो जेरेमीकडे वळला. "शत्रूने माझं पाऊल नेलं, मुला. गुडघा त्याने मागितलाही नव्हता. तो मी देऊन टाकला. इथे, मिशिगनमध्ये, आय ॲम गुड म्हणत म्हणत."

जेरेमीने खाली बघतच विचारलं, "आणि नोकरी?"

"गुडघा नसलेल्याला लाइनवर कोण ठेवतो? तीही गेली. परत मिळेपर्यंत आईच्या घरी बसलो होतो. आमच्या घराला तळघर नव्हतं, माळा होता. एवढाच फरक."

मी इतकी वर्षं या माणसाचे पाय करत आले. त्याच्या फाइलमध्ये दोन ऑपरेशनं लिहिलेली होती. लढाईत जखमी झालेल्याची दोन काय नि चार काय, असं धरून चालले होते. कधी विचारलं नाही. तोही कधी बोलला नाही, एवढ्या बटाट्याच्या भाज्या खाऊनसुद्धा.

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसत होतं, सासूबाईंचं "शूज प्लीज" चालू होतं. जेरेमीने कपावरचं बटण दाबलं. हवा सुटल्याचा आवाज आला आणि कप निघाला.

एकावर एक मोजे होते, वॉल्टने सांगितले तसेच. शेवटचा मोजा चिकटला होता. मी कोमट पाण्याने भिजवून सोडवला. खाली नडगीच्या टोकाशी जुन्या रुपयाएवढी जखम, कडा काळवंडलेल्या, आणि लाली तिथून वर गुडघ्याकडे सरकायला लागलेली. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम.

"आत्ता निघायचं," मी म्हटलं. "आत्ता म्हणजे आत्ता."

वॉल्टने आपला पाय परत चढवला. पण जेरेमीला न्यायचा कसा? कुबड्या नाहीत, पाय घालायचा नाही. शेवटी श्रीकांतच्या ऑफिसची चाकांची खुर्ची आणली. पैठण्या नेसलेल्या बायका, झब्ब्यातले काका, सगळ्यांच्या मधून आमची वरात निघाली. पुढे श्रीकांत गाडीची किल्ली घेऊन, मागे मी खुर्ची ढकलत, तिच्यात लाजेने लाल झालेला सहा फुटांचा जेरेमी, आणि त्याच्या मागे हेलकावे खात वॉल्ट, बगलेत जेरेमीचा पाय. जोशीकाका बाकरवडी हातात घेऊन बघतच राहिले. सासूबाईंनी दारात अडवलं. मला वाटलं आता काय! तर त्यांनी लाडवांचा डबा पोराच्या मांडीवर ठेवला, कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटल्या, म्हणाल्या, "जा बाबा, नीट ये."

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेलं आणि आम्ही बाहेर बसलो. वाट बघणं हा प्रकार मला जमत नाही. दरवाजा उघडला की उठायचं, नर्स दुसऱ्याच कुणाला बोलवायची की बसायचं. श्रीकांत मशिनची कॉफी आणत होता, कुणी पीत नव्हतं. वॉल्ट मात्र लाडवांचा डबा उघडून एकेक लाडू खात होता, एखादं काम उरकावं तसा. जेरेमीचा पाय त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होता. एक बाई त्या पायाकडे बघून दोन खुर्च्या लांब जाऊन बसली.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. कोवळी पोरगी हो, मृणालपेक्षा लहान. म्हणाली, "जंतू पसरायला लागले होते, पण हाडापर्यंत गेलेले नाहीत. औषधं चालू केलीत. काही आठवडे पाय अजिबात घालायचा नाही."

"आणि गुडघा?" मी आणि वॉल्ट एकदमच बोललो.

"गुडघ्याला काही होत नाही. वेळेवर आणलंत."

हुश्श! काय सांगू तुम्हाला! एवढं हलकं मला मृणालच्या वेळच्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं. वॉल्टने डबा माझ्यापुढे केला, त्यात एकच लाडू उरला होता. "शूबा, हा तुझा," म्हणाला आणि मग म्हातारा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लाडू खाल्ला. बेसनाचा होता, थोडा जास्त भाजला गेलेला, पण जन्मात इतका गोड लाडू खाल्ला नाही मी.

घरी आलो तर पाहुणे पांगलेले, सासूबाई अंधाऱ्या हॉलमध्ये एकट्या बसलेल्या. "माझ्यामुळे झालं ना गं सगळं? मी त्याला बूट काढायला लावले."

"आई, तुम्ही काढायला लावले म्हणून तर गुडघा वाचला. बूट पायातच राहिले असते तर मी तळवे कशी बघणार होते?"

त्यांचा चेहरा फुलला. "तरी मी सांगत असते, पालथा बूट ताबडतोब सुलट करावा. तुम्हीच हसता मला."



जेरेमीच्या नोकरीचं विचाराल तर वॉल्ट दुसऱ्याच दिवशी त्या गोदामात गेला. आत काय बोलला ते मला अजून सांगत नाही. पण बाहेर आला तेव्हा जेरेमीला पाय बरा होईपर्यंत बसून करायचं काम मिळालं होतं, कॉम्प्युटरवर माल पाठवण्याचं. जेरेमी त्यावरही कुरकुरला. मी म्हटलं, कुरकुर बाबा, मनसोक्त कुरकुर, तेवढी तरी सवय लागू दे तुला. जखम भरल्यावर नवा कप माझ्या जागी आलेल्या मुलीने केला, बूटही नवे घ्यायला लावले. मी फोन करून तिला चार सूचना दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि स्वतःच्याच मनाने केला. चांगला केला, माझ्यापेक्षा बरा, असं वॉल्ट माझ्या तोंडावर म्हणतो. एखाद्या सकाळी हात शिवशिवतात, प्लास्टरचा वास आठवतो. मग मी गपचूप कणीक मळायला घेते.

गुढीपाडव्याला दोघांना परत बोलावलं. मिशिगनचा पाडवा म्हणजे कडुनिंबाचा पाला दुकानातून आणायचा आणि गुढी वाऱ्याने पडू नये म्हणून खिडकीच्या आतून उभारायची. सासूबाई नेहमीप्रमाणे दारात. फक्त खुर्चीशेजारी एक बादली आणि ओलं फडकं होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "त्यांना बूट काढता येत नाहीत, तर बूट पुसून आत घ्यायचे. माझ्या दारात चिखल चालणार नाही, आणि पोरगं पडलेलंही चालणार नाही."

वॉल्टचं पुसून झालं. जेरेमी स्टुलावर बसला, सासूबाईंनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. तो बिचारा "नो मॅम, प्लीज मॅम" करत होता, इकडे कोण ऐकतंय! एक पाय झाला, मग दुसरा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, श्रीखंडाचं पातेलं हातात, आणि तिथून काही दिसत नव्हतं. पुढे जायचं धाडस होत नव्हतं.

"शुभा," सासूबाई ओरडल्या, "याला सांग, नवीन बूट घे म्हणावं. टाचा पार गेल्यात याच्या."

"कुठल्या पायाची, आई?"

त्यांनी दोन्ही बूट शेजारी शेजारी धरून, चष्मा वर करून नीट बघितले.

"दोन्ही," म्हणाल्या. "सारख्याच झिजल्यात."